घरातलं रसायन : रात्रीची भूक



गेल्या वेळी येळवशीच्या अंबिलीवर लिहिलं होतं. कमलनगर, औराद, आळंदपासून पार पुण्या-बंगळुरूपर्यंतच्या मुलामुलींचे निरोप आले. एकीने तर बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये अंबील लावली आणि ती उतू जाऊन शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेली म्हणे. "काका, आता शेंगाच्या पोळीवर लिहा," असा आग्रह आहे. लिहीन, पण आज नाही.

आजचा विषय आमच्या घरात घडलेला आहे. पुतणीला आणि भाच्याला विचारूनच लिहितोय. नावं तेवढी घालू नका, म्हणाले. नाही घालत.

गेल्या वर्षी एका पहाटे फोन वाजला. पहाटेचा फोन म्हणजे आमच्या पिढीला धडकीच. न्यू जर्सीहून पुतणी बोलत होती. बाळंत होऊन तिला पाचच दिवस झाले होते.

"काका, बाळाच्या टाचेतनं रक्त घेतलं होतं ना, त्याचा रिपोर्ट आलाय. एमकॅड नावाचं एन्झाइम नाही म्हणताहेत. उद्याच परत बोलावलंय. हे काय असतं?"

चौतीस वर्षं भालकीत मुलांना रसायनशास्त्र शिकवलं, पण त्या क्षणी मला फक्त एवढंच आठवलं, की हे नाव चरबीच्या धड्यात कुठंतरी येतं. मी म्हटलं, "बाळ दूध पितंय ना? मग पाजत राहा. रात्री झोपलं तरी उठवून पाज. मी वाचतो आणि सांगतो." तिथल्या नर्सनेही तिला हेच सांगितलं होतं, हे नंतर कळलं. मला सुचलं ते बरोबर निघालं, यात शहाणपणापेक्षा नशीबच जास्त.

मग ती जरा थांबून म्हणाली, "काका, डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं, तुम्ही नवरा-बायको नात्यातले आहात का?"

तर मंडळी, ते स्थळ मीच जुळवलं होतं. ती माझ्या दादाची मुलगी आणि जावई म्हणजे आमच्या अक्काचा मुलगा. मामाची पोरगी घरात आली म्हणून अक्काने तेव्हा गावभर पेढे वाटले होते.

त्या दिवसापासून मी जे वाचत गेलो ते आज तुम्हाला सांगतो.

आपण जेवतो तेव्हा भाकरीतल्या पिष्टाचं ग्लुकोज होतं. लागेल तेवढं वापरलं जातं, थोडं यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठतं आणि उरलेल्याची चरबी होते. यकृतातली साठवण फार मोठी नाही. मोठ्या माणसाच्या यकृतात ती साधारण १०० ग्रॅम असते आणि एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. म्हणजे रात्री नऊला जेवून झोपलेल्या माणसाच्या कणगीत पहाटेपर्यंत तळ दिसायला लागतो. लहान बाळाचं तर शरीराच्या मानाने डोकं मोठं आणि साठवण अगदी थोडी, त्यामुळे त्याची कणगी त्याहून लवकर रिकामी होते.

अशा वेळी शरीर चरबीकडे वळतं. चरबीतून मेदाम्लं सुटी होतात, रक्तातून पेशींत जातात आणि पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भट्टीत जळतात. पण जळण्याआधी त्यांचे तुकडे करावे लागतात. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची लांबलचक साखळी. अख्खी पेंढी कुणी म्हशीपुढं टाकत नाही, आधी कडबाकुट्टीतून काढतात, तसंच हे आहे. फक्त ही कुट्टी फार शिस्तीची आहे. प्रत्येक वेळी टोकाकडचे नेमके दोनच कार्बन कापते.

दोनच का, हे कसं कळलं, ते सांगितल्याशिवाय माझ्यातला मास्तर पुढं जाऊ देत नाही. १९०४ मध्ये फ्रान्झ क्नूप नावाच्या जर्मन संशोधकाने मेदाम्लांच्या शेपटीला बेंझिनचं कडं जोडलं आणि ती कुत्र्यांना खाऊ घातली. ते कडं शरीराला जाळता येत नाही, त्यामुळे ते लघवीतून बाहेर पडतं, आणि कापून कापून शेवटी त्याला चिकटून काय उरलं ते सोबत घेऊन येतं. साखळीत कार्बनची संख्या सम असेल तर एक पदार्थ मिळाला आणि विषम असेल तर दुसरा. तिसरा कधीच नाही. एक-एक कार्बन कापला जात असता तर सम-विषमाचा फरक उरलाच नसता. म्हणजे काप दोन-दोनचा. तेव्हा किरणोत्सर्गी अणू नव्हते की आजची यंत्रं नव्हती. एक कुत्रा, एक भांडं आणि डोकं. वर्गात हे सांगताना मला दरवर्षी तितकाच आनंद व्हायचा.

पामिटिक आम्लात १६ कार्बन असतात. त्याचे दोन-दोनचे तुकडे करायला काप किती लागतील? वर्गातली निम्मी मुलं आठ म्हणायची. तुकडे आठ, पण काप सातच. ऊस तोडून बघा.

प्रत्येक कापाच्या चार पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर एक एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर, काम करत असतं. पहिल्या पायरीवरचं एन्झाइम साखळीतल्या दोन शेजारी कार्बनवरचे हायड्रोजन काढून घेतं आणि तिथं दुहेरी बंध तयार करतं. त्याशिवाय पुढची सुरी चालत नाही. गंमत अशी, की या पहिल्या पायरीसाठी शरीराने एकच एन्झाइम ठेवलेलं नाही. फार लांब साखळीसाठी वेगळं, मधल्या लांबीसाठी वेगळं आणि आखूड साखळीसाठी वेगळं. मधल्या लांबीचं, म्हणजे साधारण सहा ते बारा कार्बनच्या साखळ्यांवर चालणारं जे एन्झाइम, ते मीडियम चेन असिल-कोए डिहायड्रोजनेज. एमकॅड हे त्याचंच लघुरूप. ते तयार करायची माहिती आपल्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर लिहिलेली असते, एक प्रत आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून.

आपल्याकडच्या करडईच्या तेलाबद्दल एक शब्द इथंच सांगून टाकतो, नाहीतर पत्रं येतील. करडईच्या तेलात बहुतांश लिनोलेइक आम्ल असतं, १८ कार्बनचं, आणि त्यात आधीच दोन दुहेरी बंध असतात, तेही चुकीच्या जागी. तीन काप नीट होतात आणि मग सुरी अडकते. ते बंध सरकवून जागेवर आणायला शरीराकडे आणखी दोन एन्झाइमं आहेत. कुट्टीत गाठ आली की हाताने फिरवून देतो ना, तसं. असो.

आता दोन-दोनचे जे तुकडे पडले, त्यांतले काही तिथंच जळून शक्ती देतात. यकृतात मात्र त्यांच्यापासून कीटोन नावाचे पदार्थ बनतात आणि रक्तातून मेंदूकडे जातात. मेंदूला मेदाम्लं थेट जाळणं फारसं जमत नाही, पण कीटोन चालतात. ग्लुकोज संपत आलं की मेंदूचं दुसरं जेवण हेच. शिवाय यकृताला नवं ग्लुकोज बनवायलाही शक्ती लागते आणि तीही या कापाकापीतूनच येते.

एमकॅड नसेल तर काय होतं ते आता तुम्हीच सांगू शकाल. १६ कार्बनची साखळी निघते, एक-दोन-तीन काप होतात, दहा-आठ कार्बनवर येते आणि थांबते. पुढचे तुकडे पडत नाहीत, कीटोन पुरेसे बनत नाहीत, नवं ग्लुकोजही बनत नाही. अडकलेल्या आठ कार्बनच्या तुकड्यांचा ढीग साचतो आणि तो रक्तात उतरतो. न्यू जर्सीच्या त्या रिपोर्टात हाच आठ कार्बनचा आकडा वाढलेला होता.

यात भीती वाटावी अशी गोष्ट म्हणजे, असं बाळ दिसायला अगदी धडधाकट असतं. वजन चांगलं, हसणं-खेळणं चांगलं. दर दोन-तीन तासांनी दूध पितंय तोवर त्याच्या शरीराला या एन्झाइमची फारशी गरजच पडत नाही. मग एक दिवस सर्दी-ताप येतो, बाळ दूध नाकारतं, दोन-चार उलट्या होतात. किंवा आजारबिजार काही नसतो, बाळ नुसतं पहिल्यांदा रात्रभर झोपायला लागतं आणि घरातले म्हणतात, बरं झालं, शहाणं झालं. पहाटे ते गळून जातं, उठवलं तर उठत नाही, झटके येतात. बहुधा तीन महिने ते दोन वर्षं या वयात हे होतं. हा आजार वैद्यकाला माहीत झाला तोच १९८२ च्या सुमारास. तोवर अशी मुलं दुसऱ्याच कशाने तरी गेली, असं समजलं जायचं. जन्मतःच तपासणी होत नव्हती, तेव्हा पहिल्याच झटक्यात दर चार-पाच मुलांमागे एक दगावायचं.

आणि उपाय? हा आजार वाचल्यावर मी उपाय वाचला, तेव्हा मला रडूच आलं, इतका तो साधा आहे. उपाशी ठेवायचं नाही. बस. औषध नाही, ऑपरेशन नाही. ठरलेल्या तासांच्या वर पोट रिकामं राहू द्यायचं नाही. किती तास, ते वयाप्रमाणे डॉक्टर ठरवून देतात, पहिल्या वर्षात थोडे, मग वाढत जातात. आजारपणात अन्न जात नसेल तर साखरेचं पेय, आणि तेही टिकत नसेल तर वेळ न घालवता दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन. आईचं दूध चालतं, घरचं जेवण चालतं. अशक्त मुलांना कधी कधी मधल्या साखळीच्या मेदाचे डबे देतात, ते मात्र अशा मुलांना अजिबात द्यायचे नाहीत, कारण अडकतं ते नेमकं तेच.

एन्झाइम जन्मतः असूनही ते बंद पडलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. बिहारमध्ये मुझफ्फरपूरकडे लिचीच्या हंगामात, मे-जूनमध्ये, लहान मुलं पहाटे झटके येऊन दगावायची. लोक त्याला चमकी बुखार म्हणत. वर्षानुवर्षं कुणी विषाणू म्हणत होतं, कुणी ऊन. २०१४ च्या हंगामात भारतातल्या आणि अमेरिकेतल्या रोगनियंत्रण संस्थांनी मिळून तपास केला. तिथल्या दोन रुग्णालयांत त्या काळात ३९० मुलं दाखल झाली होती, त्यांतली १२२ गेली. बहुतेकांच्या रक्तातलं ग्लुकोज खूप खाली गेलेलं होतं. लिचीत, विशेषतः कच्च्या लिचीत, हायपोग्लायसिन आणि त्याच्यासारखं आणखी एक द्रव्य असतं. शरीरात गेल्यावर ही द्रव्यं मेदाम्ल कापणाऱ्या त्याच पहिल्या पायरीवरच्या एन्झाइमांना अडकवतात. मुलांच्या लघवीत त्यांच्या खुणा सापडल्या. पण लिची तर गावातली सगळीच मुलं खात होती. जी लिची खाऊन रात्री न जेवता झोपली, त्यांना धोका जास्त होता. २०१७ मध्ये हा अभ्यास लॅन्सेटच्या ग्लोबल हेल्थ या पत्रिकेत आला. सल्ला काय दिला, तर मुलांना रात्री जेवू घाला, आणि झटका आला तर ताबडतोब ग्लुकोज द्या. त्यानंतर काही वर्षं मृत्यू कमी झाले. २०१९ मध्ये पुन्हा शंभराहून जास्त मुलं गेली. बागेत पडलेली फळं वेचून पोट भरणारी, रात्री घरी चूल न पेटलेली ही मुलं. पोटभर जेवणाऱ्या मुलाला पिकलेल्या लिचीने काही होत नाही, म्हणून कुणी फ्रीजमधली लिची फेकू नका.

हे वाचत असताना मला सारखी आई आठवत होती.

दादा, अक्का आणि मी, एवढेच आम्ही तिघं राहिलो. अक्का आणि मी यांच्यामध्ये दोन मुलं झाली होती. एक मुलगा, एक मुलगी. दोन्ही वर्षाच्या आत गेली. आई याबद्दल फार बोलायची नाही. एकदाच, आम्ही हुरडा खायला शेतात गेलो होतो तेव्हा, आपणहून म्हणाली, "ताप होता. सासूबाई म्हणाल्या, पोटात काही देऊ नको, लंघन पडू दे, ताप उतरंल. उतरला. सकाळी बघितलं तर हातपाय गार." मुलीचंही तसंच. मुलीच्या वेळी दृष्ट लागली म्हणाले. आजीने मुद्दाम काही केलं नव्हतं. मोठ्या माणसाला एखादा दिवस लंघन सोसतं, कधी बरंही वाटतं. ताप आला की पोट रिकामं ठेवा, हे तिने तिच्या सासूकडून ऐकलं होतं.

त्या दोघांना हाच आजार होता का? माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. त्या काळी तापाने मुलं जायला शंभर कारणं होती, हगवण, गोवर, घटसर्प. हा आजार शोधला गेला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पण माझे आईवडील आतेभाऊ-मामेबहीण होते, हे मात्र खरं.

इथं नात्यातल्या लग्नाचं गणित सांगावं लागेल. ऐकायला कडू आहे, पण तुमच्यातल्या कित्येकांच्या घरी या वर्षी बैठका बसणार आहेत, म्हणून सांगतोच.

हा दोष एकाच प्रतीत असेल तर माणसाला काहीही त्रास नसतो. दुसरी प्रत काम भागवते. अशा माणसाला वाहक म्हणतात. आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या अशा दोषाचे वाहक असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. नवरा-बायको दोघं एकाच दोषाचे वाहक असले, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आता समजा, एखाद्या दोषाचा वाहक शंभरात एक आहे. परक्या घरातली दोन माणसं एकत्र आली तर बाळाला आजार होण्याची शक्यता १०० गुणिले १०० गुणिले ४, म्हणजे चाळीस हजारांत एक. तेच आतेभाऊ-मामेबहीण असतील, तर एक वाहक असताना दुसऱ्याकडेही आजी-आजोबांकडून तीच प्रत आलेली असण्याची शक्यता आठात एक होते. १०० गुणिले ८ गुणिले ४, म्हणजे सुमारे ३,२०० त एक. सख्ख्या मामाशी भाचीचं लग्न असेल तर आठाच्या जागी चार, म्हणजे १,६०० त एक. हा एका दोषाचा हिशोब. असे दोष शेकड्यांनी आहेत.

याची दुसरी बाजूही लगेच सांगतो. ३,२०० त एक म्हणजे ३,१९९ वेळा या एका आजारापुरतं काही होत नाही. म्हणूनच आपल्या घराघरांत आते-मामेभावंडांचे संसार सुखाने चाललेले दिसतात आणि "आमच्यात तर कुणाला काही झालं नाही" हे म्हणणं खरंच असतं. माझे आईवडील नात्यातले होते म्हणून मी लिहितोय, नसते तर मी नसतोच.

कर्नाटकात नात्यातली लग्नं देशात सर्वांत जास्त होणाऱ्या राज्यांइतकी आहेत. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क हे मराठी घरांतही चालत आलेलं आहे. मामा-भाचीचं लग्न महाराष्ट्रात ऐकून लोक दचकतात, पण इथं कन्नड-तेलुगू शेजारात राहून आपल्यालाही त्याचं नवल राहिलेलं नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही नाती निषिद्ध धरली, पण रूढी असेल तर सूट ठेवली. इथं रूढी आहे. शिवाय, नातं नसलं तरी आपली सोयरिकीची वर्तुळं लहान. भालकी, उदगीर, बसवकल्याण, निलंगा, चार तालुके आणि दोनशे घरं, त्यातच पिढ्यान्पिढ्या फिरणारं रक्त. हिशोबात ते धरलेलंच नाही.

बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन ते टिपकागदावर वाळवायची युक्ती अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांची, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची. १९९० च्या दशकात असं यंत्र आलं, की त्याच एका ठिपक्यातून कित्येक आजार एकदम दिसू लागले आणि एमकॅड त्या यादीत आला. इंग्लंडमध्ये २००९ पासून प्रत्येक बाळाची ही तपासणी होते, अमेरिकेत सगळ्या राज्यांत होते.

तुम्हाला वाटेल हे सगळं परदेशातलं. पण आपल्या कर्नाटकात १९८० च्या दशकातच बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले एन. अप्पाजी राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख नवजात बाळांच्या रक्ताचे ठिपके तपासले होते. ते शोधत होते अमिनो आम्लांचे आजार, मेदाम्लांचे नव्हे, पण जन्मजात रासायनिक दोष आणि नात्यातली लग्नं यांच्याकडे त्यांनी एकत्र पाहिलं. हा अहवाल १९८८ मध्ये आला. एवढ्या लवकर, एवढं मोठं काम आपल्या राज्यात झालं आणि आज बिदर-कलबुर्गीच्या सरकारी दवाखान्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची अशी तपासणी होत नाही, याचा मला राग येतो. हैदराबाद, पुणे, बंगळुरूला खासगी रुग्णालयांत पैसे भरून होते. ज्यांना जमेल त्यांनी बाळंतपणाआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं, कारण बाळ झाल्यावर त्या गडबडीत कुणाला सुचत नाही.

आणि ज्यांच्या घरात कुणाचं मूल लहानपणी रात्रीत गेलं असेल, त्यांनी ते डॉक्टरांना सांगावं. आपण सांगत नाही. अशुभ वाटतं, किंवा सासरच्यांना कळायला नको असतं. नातं आहे का, याचंही उत्तर आपण "लांबचं" असं देतो. सांगा. एवढ्या एका वाक्यावर डॉक्टर वेळेत ग्लुकोज तपासतील. आजारी मूल गळून पडलं असेल, तर तोंडात काही ओतत बसू नका, श्वासनलिकेत जातं. थेट दवाखाना गाठा आणि पोहोचताक्षणी म्हणा, आधी साखर बघा.

आता आमच्या घराचं. न्यू जर्सीत दुसऱ्यांदा तपासणी झाली, जनुकाची तपासणी झाली, निदान पक्कं ठरलं. दोन्ही प्रतींत तोच एक दोष होता. मग तिथल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही तिन्ही भावंडांनी हैदराबादला जाऊन रक्त दिलं. दादा वाहक, अक्का वाहक. मी नाही. रिपोर्ट हातात घेऊन मी गाडीत बसलो, तर खरं सांगायचं म्हणजे, सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी एकटं पडल्यासारखं वाटलं. अक्का परतीच्या वाटेवर जहीराबाद येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "स्थळ तू आणलंस म्हणून तुझ्या डोक्यात काही असंल तर काढून टाक. पेढे मी वाटले होते." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "आईला हे कळायला हवं होतं रे. सासूबाईंनी सांगितलं म्हणून पाजलं नाही, हे ती जन्मभर उरात घेऊन होती."

मी म्हटलं, कळलं असतं तरी त्या काळी काय केलं असतं? अक्का म्हणाली, "पाजलं असतं."

नात आता चौदा महिन्यांची आहे. चालते, पडते, दोन्ही हातांनी डोसा फाडते. दोनदा ताप आला, एकदा सलाईन लावावी लागली, दुसऱ्या दिवशी घरी. त्यांच्या फ्रीजवर डॉक्टरांचं एक पानी पत्र चिकटवलेलं आहे, कुठल्याही दवाखान्यात दाखवलं की काय करायचं ते त्यात लिहिलंय. पुतणीने त्याचं मराठी आणि कन्नड करून मागितलं आहे, कारण येळवशीला ती सगळी इकडं येणार आहेत. मराठी मी केलं. कन्नड शेजारच्या मास्तरांकडून तपासून घेतलं. बिदरमध्ये आणि भालकीत एकेका बालरोगतज्ज्ञांना आधीच दाखवून आलो.

आमच्या अक्काच्या एकादश्या मात्र चालूच आहेत. तिला विचारलं, आता तुझ्या पोटातल्या कुट्टीवर किती भार टाकणार? म्हणाली, साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि वर केळं, कसली कुट्टी चालतीय. बरोबर आहे तिचं. एकादशी आणि दुप्पट खाशी, यात एमकॅडला सुट्टीच. शिवाय ती वाहक असली तरी तिच्या एका प्रतीवर तिचं सत्तर वर्षं नीट भागलंय.

नात येणार म्हणून तिने एक घड्याळ घेतलंय, गजराचं. मोबाईलवर तिचा विश्वास नाही. पुतणीने फोनवर तिला समजावलं, "आत्या, आता ती रात्री नीट झोपू शकते, मध्ये उठवायची गरज नाही, फक्त झोपायच्या आधी पोटभर आणि सकाळी उठल्याबरोबर." अक्का हो हो म्हणाली. गजर रात्री दोनचा लावलेला मी स्वतः बघितलाय.